सुएझ, बुडापेस्ट आणि आपल्या टाळ्या

जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेरच्या हॉटेलात चहा घेताना अलीकडे एकच चर्चा कानावर येते. अमेरिकेचे दिवस भरले, आता चीन आणि रशियाचा जमाना येणार. बोलणारी मुले तरुण असतात आणि त्यांच्या आवाजात आनंद असतो. हा आनंद मला समजतो. इराक आणि अफगाणिस्तानची राखरांगोळी ज्यांनी टीव्हीवर पाहिली, ऑक्टोबर 2023 नंतर गाझातल्या लेकरांची कफने ज्यांनी मोबाइलवर पाहिली, त्यांना बॉम्ब पुरवणाऱ्याची उतरती कळा गोड वाटली तर नवल नाही. पण ही चर्चा ऐकली की मला 1956 सालचा नोव्हेंबर आठवतो. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, आठवते ते वाचलेले. जगाची सत्ता एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा काय काय होऊ शकते, ते त्या पंधरवड्यात उघडे पडले.

सुएझ हा शब्द कोकणातल्या मुसलमान घरांना परका नव्हता. रत्नागिरीकडचे कितीतरी खलाशी गोऱ्या कंपन्यांच्या आगबोटींवर सारंग, भंडारी, आगवाले म्हणून विलायतेपर्यंत जात. 1869 साली कालवा खुला झाला आणि आफ्रिकेला वळसा घालण्याची गरज संपली. मुंबई-लंडन प्रवास चार हजारांहून अधिक मैलांनी कमी झाला. कालवा खणला तो आधी वेठीला धरून आणलेल्या इजिप्तच्या शेतकऱ्यांनी. मालकी मात्र फ्रेंच भागधारकांची आणि इजिप्तच्या खेदिवची. 1875 साली कर्जात बुडालेल्या खेदिव इस्माईलने आपला हिस्सा विकायला काढला, तो ब्रिटनने चाळीस लाख पौंडांना घेतला. 1882 साली ब्रिटिश फौज आली ती 74 वर्षे तिथेच राहिली. शेवटचा शिपाई जून 1956 मध्ये गेला.

त्यानंतर दीड महिन्याच्या आत, 26 जुलैला, गमाल अब्दुल नासेर यांनी अलेक्झांड्रियाच्या सभेत कालव्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. निमित्त होते आस्वान धरणाचे. त्यासाठी कबूल केलेले कर्ज अमेरिकेने आठवडाभर आधी मागे घेतले होते. भागधारकांना बाजारभावाने भरपाई देऊ, असे नासेर म्हणत होते. लंडनचे दुखणे पैशांचे नव्हतेच. काल-परवापर्यंत ज्या देशात आपला शब्द हुकूम होता, तिथला एक टपाल कारकुनाचा मुलगा आपल्याला विचारत नाही, हे पंतप्रधान अँथनी ईडन यांना सहन होईना.

मग ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात पॅरिसजवळ सेव्ह्र येथे एका घरात ब्रिटन, फ्रान्स आणि इस्राएल यांच्या प्रतिनिधींनी बसून एक कट रचला. इस्राएलने सिनाईवर हल्ला करायचा, मग ब्रिटन-फ्रान्सने भांडण सोडवणारा शहाणा शेजारी बनून दोघांना कालव्यापासून मागे हटायला सांगायचे, इजिप्त नाही म्हणाला की कालवा ताब्यात घ्यायचा. कराराच्या आपल्या प्रती ईडन यांनी नष्ट करायला लावल्या. इस्राएलची प्रत राहिली, म्हणून आज आपल्याला हे ठाऊक आहे. 29 ऑक्टोबरला ठरल्याप्रमाणे हल्ला झाला, 31 ला ब्रिटिश विमाने इजिप्तवर बॉम्ब टाकू लागली. (दुसऱ्याच दिवशी, 1 नोव्हेंबरला, आपल्याकडे द्विभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले. मराठी माणूस त्या आठवड्यात मुंबईच्या चिंतेत होता, ते स्वाभाविकच.) 5 नोव्हेंबरला छत्रीधारी सैनिक पोर्ट सईदला उतरले. त्या शहराच्या गल्ल्यांत शेकडो साधी माणसे मेली.

त्या 5 तारखेच्या रात्रीबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. सोव्हिएत पंतप्रधान बुल्गानिन यांनी लंडन आणि पॅरिसला पत्रे धाडली. त्यांत रॉकेटांचा उल्लेख होता. म्हणजे हल्ला थांबवा, नाहीतर तुमच्या शहरांवर काय येऊ शकते याचा विचार करा. ही बरीचशी पोकळ धमकी होती, पण ती पोकळ आहे हे त्या रात्री खात्रीने कोण सांगणार? आयझेनहॉवर यांनी सहकाऱ्यांना सांगितले की, रशियाने ब्रिटन-फ्रान्सवर हल्ला केला तर आपल्याला युद्धात उतरावे लागेल. आणि त्याच सुमारास वॉशिंग्टनला एकामागून एक खबरी येऊ लागल्या. तुर्कस्तानवर अनोळखी विमाने दिसली. सीरियावर मिग विमानांचा मोठा ताफा आहे. एक ब्रिटिश बॉम्बर सीरियात पाडले गेले. रशियन आरमार दार्दनेल्सच्या सामुद्रधुनीकडे निघाले. चारही खबरी एकत्र ठेवल्या तर अर्थ एकच निघत होता. नंतर सांगितले गेले ते असे: तुर्कस्तानवर दिसला तो हंसांचा थवा होता, मिग विमाने मॉस्कोहून परतणाऱ्या सीरियाच्या राष्ट्राध्यक्षांच्या सोबतीला होती, बॉम्बर बिघाडाने पडले होते आणि आरमाराचा नेहमीचा सराव होता. हायड्रोजन बॉम्ब तोवर दोन्हीकडे झाले होते. कुणीतरी घाई केली असती तर पुढचे लिहायला आणि वाचायला कोण उरले असते कोण जाणे.

जुना मालक हटायला तयार नाही, नव्या दोघांना आपली हद्द कुठपर्यंत ते ठाऊक नाही, आणि प्रत्येकजण दुसऱ्याच्या मनातले ओळखण्याचा प्रयत्न करतो आहे. ताकदवान सत्ता जुलूम करते हे आपण भोगलेच आहे. पण मला जास्त भीती वाटते ती अशा मधल्या काळाची.

अखेर ब्रिटनला रॉकेटांनी नव्हे, पौंडाने गुडघ्यावर आणले. पौंड घसरत होता, नाणेनिधीचे कर्ज हवे होते, आणि युद्ध थांबल्याशिवाय मदत नाही असे अमेरिकेने बजावले. 6 नोव्हेंबरच्या मध्यरात्री गोळीबार थांबला. जानेवारीत ईडन गेले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्धबंदीचा ठराव 64 विरुद्ध 5 मतांनी मंजूर झाला होता. अमेरिका आणि रशिया एका बाजूला, भारतही त्याच बाजूला. कैरोपासून जकार्तापर्यंत आनंद झाला. नासेर अरबांचे नायक झाले. मी त्या काळात असतो तर मीही टाळ्या वाजवल्या असत्या.

पण त्याच आठवड्यात, 4 नोव्हेंबरला, रशियाचे रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले. हंगेरीच्या लोकांनी मागितले होते काय, तर इजिप्तने मागितले तेच. परकी फौज जाऊ दे, आमचा कारभार आम्हाला करू द्या. हजारो माणसे मारली गेली, सुमारे दोन लाख देश सोडून पळाली. आमसभेत रशियाने फौज मागे घ्यावी असा ठराव आला. त्या ठरावावर इजिप्त तटस्थ राहिला. सीरिया, सौदी अरब, इराक, इंडोनेशिया तटस्थ राहिले. भारतही तटस्थ राहिला, आणि पाच दिवसांनी आलेल्या दुसऱ्या ठरावावर तर कृष्ण मेनन यांनी विरोधात मत दिले. संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली दुसऱ्याच्या देशात निवडणुका, हा पायंडा दिल्लीला नको होता. जयप्रकाश नारायण यांनी तेव्हा नेहरूंना खडे बोल सुनावले.

मला इजिप्तचे मौन सर्वात जास्त बोचते. स्वतःच्या शहरावर बॉम्ब पडत असताना दुसऱ्याच्या शहरावरचे रणगाडे दिसेनासे झाले, कारण ते आपल्या नव्या पाठीराख्याचे होते. वैऱ्याच्या बाबतीतही इन्साफ सोडू नका, अशी आपल्या दीनची शिकवण आहे. हंगेरीचे लोक तर आपले वैरीही नव्हते.

आणि मोठ्यांच्या या हिशेबात काही नावे कुणीच मांडली नाहीत. युद्धाच्या पहिल्याच संध्याकाळी इस्राएलच्या हद्दीतील कफ्र कासिम गावात, संचारबंदी लागल्याचे ठाऊक नसलेले शेतमजूर कामावरून परतत होते. सीमा पोलिसांनी 48 जणांना गोळ्या घातल्या. 3 नोव्हेंबरला गाझा पट्टीतील खान युनिसमध्ये आणि 12 नोव्हेंबरला रफाहमध्ये, म्हणजे युद्धबंदीनंतर, जे हत्याकांड झाले त्यात संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या नोंदीप्रमाणे अनुक्रमे 275 आणि 111 माणसे मेली. ही गावांची नावे आज बातम्यांत ऐकतो तेव्हा ती नवी वाटतात, पण तशी ती नाहीत. दुसऱ्या बाजूला इजिप्तने आपल्याच यहुदी नागरिकांवर राग काढला. सुमारे 25 हजार यहुदी घरदार, दुकाने सोडून निघून गेले. पिढ्यान् पिढ्या कैरो-अलेक्झांड्रियात राहिलेल्या या लोकांचा सेव्ह्रच्या कटाशी काय संबंध होता? हेही आपणच सांगितले पाहिजे.

ज्यांच्यासाठी टाळ्या वाजल्या त्यांचे पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. सुएझमध्ये न्यायाधीश दिसलेल्या अमेरिकेने तीनच वर्षांपूर्वी इराणमध्ये मोसद्देकचे सरकार पाडायला मदत केली होती, 1958 साली तिचे सैनिक बैरूतला उतरले, आणि 2003 साली बगदाद. रशियाचे रणगाडे डिसेंबर 1979 मध्ये काबूलला पोहोचले, नंतर ग्रोझ्नी बेचिराख झाले. आज चीनकडे आशेने पाहणाऱ्या मुलांना मी शिनजियांगमधल्या उइगुर मुसलमानांबद्दल विचारतो, तेव्हा ते अमेरिकेचा प्रचार म्हणून उडवून लावतात. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाचा ऑगस्ट 2022 चा अहवाल मी त्यांना वाचायला सांगितला. एकाने वाचला, आणि पुढच्या जुम्याला तो चहाला थांबला नाही.

सुएझमधून सरकारांनीही धडा घेतला. फ्रान्सने घेतला तो असा की, अमेरिकेच्या भरवशावर राहायचे नाही, स्वतःचा अणुबॉम्ब हवा. आधीपासून गुपचूप चाललेल्या कामाला वेग आला. कटातल्या भागीदारालाही विसरले नाहीत. 1957 साली फ्रान्सने इस्राएलशी करार केला आणि त्यातून नेगेवच्या वाळवंटात दिमोनाची अणुभट्टी उभी राहिली. फ्रान्सच्या स्वतःच्या बॉम्बची चाचणी 13 फेब्रुवारी 1960 रोजी झाली, हिरोशिमाच्या चौपटीहून मोठी. ती फ्रान्सच्या भूमीवर झाली नाही. अल्जीरिया तेव्हा पारतंत्र्यात होता आणि स्वातंत्र्यासाठी लढत होता, त्याच्याच सहारा वाळवंटात रेगान गावाजवळ ती घेतली गेली. एकूण 17 चाचण्या तिथल्या सहारात झाल्या. तिथे पुरलेल्या किरणोत्सारी कचऱ्याच्या जागा दाखवणारे नकाशे द्या, असे अल्जीरिया स्वातंत्र्यानंतर साठ वर्षे उलटली तरी फ्रान्सकडे मागतोच आहे.