सिसिलीचे दगड कुणी फोडले?

सिसिली बेटावर जाणारा प्रवासी देवळं बघतो. अग्रिजेन्तोला कॉन्कॉर्डियाचं देऊळ जवळजवळ अख्खं उभं आहे. ताओर्मिनाच्या थिएटरमागं एटना ज्वालामुखी. फोटो काढायचे, ग्रीकांच्या सौंदर्यदृष्टीला मान डोलवायची नि परत. बघा, जरूर बघा. पण दगड कुणी फोडला?

इ.स.पू. ४८० मध्ये हिमेराला कार्थेजचं सैन्य हरलं. कैदी वाटून घेतले गेले. डायोडोरस लिहितो, अग्रिजेन्तोच्या काही नागरिकांकडं पाच-पाचशे कैदी आले. देवळांचे दगड त्यांच्याकडनंच काढून घेतले. तिथल्या झ्यूसच्या देवळात साडेसात मीटर उंचीचे दगडी पुरुष होते, हात डोक्यामागं वाकवून ओझं पेलणारे. एक आता म्युझियममध्ये उभा केलाय.

सिराक्यूजच्या खाणीत इ.स.पू. ४१३ मध्ये अथेन्सचे सातेक हजार कैदी कोंडले. दिवसा ऊन, रात्री गारठा, मेलेल्यांच्या ढिगाशेजारी जिते. माणशी रोज जेमतेम पाव लिटर पाणी. आज तिथं लिंबा-संत्र्याची बाग आहे.

मग रोमन आले. बेट रोमचं धान्याचं कोठार झालं, शेतात गुलाम. इ.स.पू. १३५ च्या सुमारास एन्ना गावात युनस नावाचा सीरियन गुलाम उठला. डॅमोफिलस हा क्रूर मालक थिएटरात मारला गेला. त्याच्या पोरीनं मात्र गुलामांना माया लावली होती. तिला केसालाही धक्का न लावता कॅटानाला पोचवली. आणखी एक. बंडखोरांनी शेतघरं, धान्य जाळलं नाही, पुढं आपल्यालाच कसायचंय म्हणून. लुटालूट केली ती गावातल्या स्वतंत्र गरिबांनी. हे मालकांच्या बाजूचा डायोडोरसच सांगतो बरं का!

बाबासाहेबांनी रोमन गुलामी आणि अस्पृश्यता शेजारी ठेवून तपासली. गुलामाला मालक मुक्त करू शकत होता, अस्पृश्याला ती वाटच नव्हती, हा त्यांचा मुद्दा. एन्नाची गोष्ट वाचताना तो डोक्यात ठेवावा, उगाच सगळं एका मापानं मोजू नये.

इ.स.पू. १३२ मध्ये कॉन्सल रुपिलियसनं फितुरीनं ताओर्मिना आणि एन्ना घेतलं. ताओर्मिनाच्या कैद्यांना हाल करून कड्यावरनं लोटलं. युनस मॉर्गन्टिनाच्या तुरुंगात सडून मेला. डायोडोरसच्या लेखी तो तोंडातनं आग काढणारा भोंदू. गुलामांच्या हातचं एक पानही उरलेलं नाही. पण त्याचं मानलं जाणारं एक चिमुकलं नाणं सापडलंय. त्यावर राजा म्हणून त्यानं घेतलेलं नाव, अँटायोकस, आणि धान्याचं एक कणीस.