जीडीबी : स्टार्टअप फाइल व एन्व्हायर्नमेंट

जीडीबी हा ग्नू प्रकल्पाचा डीबगर रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिला. सुरू होताना तो ‘डॉट-जीडीबीइनिट’ नावाच्या फाइलमधील आज्ञा ओळीने पार पाडतो. आधी संपूर्ण यंत्रणेची फाइल, मग वापरकर्त्याच्या होम डिरेक्टरीतील आणि प्रोग्रॅम लोड झाल्यावर चालू डिरेक्टरीतील, असा क्रम असतो. ‘एनएच’ पर्याय दिल्यास फक्त होममधील फाइल टळते, ‘एनएक्स’ने सर्वच टळतात. आज्ञांचा इतिहास जपणे किंवा स्ट्रक्चर सुटसुटीत छापणे अशा सवयीच्या गोष्टी होममधील फाइलमध्ये ठेवतात.

चालू डिरेक्टरीतील फाइल मात्र जोखमीची. तिच्यातून शेलच्या आज्ञाही चालतात, म्हणजे परक्याचा सोर्स कोड उतरवून तेथे डीबगर उघडणे धोक्याचे ठरू शकते. म्हणून ‘ऑटो-लोड सेफ-पाथ’ या यादीत नसलेल्या डिरेक्टरीतील फाइल जीडीबी इशारा देऊन नाकारतो. त्या यादीत सरसकट मूळ डिरेक्टरी घालून इशारा बंद करणे हा सोपा, पण वाईट उपाय होय.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठरवणाऱ्या ‘सेट एन्व्हायर्नमेंट’ आज्ञेचा परिणाम डीबगरवर होत नाही, पुढच्या ‘रन’पासून तपासल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमवर होतो. युनिक्स प्रणालींवर प्रोग्रॅम सहसा शेलमार्फत सुरू होतो. त्यामुळे सी शेल वापरात असून त्याच्या ‘डॉट-सीएसएचआरसी’त तेच व्हेरिएबल असेल, तर ते जीडीबीत दिलेले मूल्य पुसून टाकते. शिवाय जीडीबी स्वतः ‘लाइन्स’ व ‘कॉलम्स’ ही व्हेरिएबल घालतो. लिनक्सवर ती स्टॅकमध्ये जागा घेत असल्याने तेथील पत्ते डीबगरबाहेरच्या पत्त्यांशी जुळेनासे होतात. अशा वेळी ती ‘अनसेट एन्व्हायर्नमेंट’ने काढतात.