आदेशशोध

आदेशशोध : संगणकास दिलेल्या आदेशाच्या नावावरून प्रत्यक्ष चालवावयाचा कार्यक्रम हुडकून काढण्याच्या क्रियेस आदेशशोध म्हणतात. एकच नाव शोधणाऱ्यापरत्वे निरनिराळ्या ठिकाणी पोहोचू शकते. ‘कुलाबा’ म्हणताच अलिबागकरास समुद्रातील किल्ला आठवतो, मुंबईकरास शहराचे दक्षिण टोक; १९८१ पूर्वीच्या कागदपत्रांत तर तो सबंध रायगड जिल्हाच असू शकतो. माणूस संदर्भावरून उमजतो. यंत्राला शोधाचा क्रम आधी सांगून ठेवावा लागतो.

बेल प्रयोगशाळेतील यूनिक्सच्या पहिल्या आवृत्तीत (१९७१) केन टॉम्पसन यांच्या शेलमध्ये, म्हणजे आदेश वाचून चालविणाऱ्या कार्यक्रमात, शोधाची ठिकाणे पक्की होती. ती बदलण्याची सोय पुढे जॉन मॅशी यांनी केली व स्टीव्हन बॉर्न यांच्या शेलमधून (१९७९) ‘पाथ’ ही मार्गसूची रूढ झाली. तीतील निर्देशिका क्रमाने तपासल्या जातात आणि पहिल्या सापडलेल्या कार्यक्रमाशी शोध थांबतो. तथापि सूचीकडे वळण्यापूर्वी शेल स्वतःचे अंगभूत आदेश व वापरणाऱ्याने रचलेली फलने पाहतो.

स्ट्यूअर्ट फेल्डमन यांचे ‘मेक’ (१९७६) हे साधन बदललेल्या भागांचीच पुनर्बांधणी करते व त्यासाठीचे आदेश शेलकडे सोपविते. ग्नू मेकने वेळ वाचविण्यासाठी एक आडवाट काढली : ओळीत शेलला विशेष अर्थाची चिन्हे नसल्यास शेल वगळून कार्यक्रम थेट चालवावयाचा. काटकसर हुशारीची खरी, पण तिने अनेकांना चकविले. ‘कमांड’ हा शेलचा अंगभूत आदेश काही जुन्या आवृत्त्यांना सापडत नसे. त्याच ओळीच्या शेवटी नुसता अर्धविराम दिला की सापडे, कारण त्या चिन्हामुळे ओळ शेलकडे जाई. याहून घातक प्रकार मार्गसूचीचा. बांधणीच्या फाइलीत निर्यात केलेली नवी सूची बांधणीच्या आदेशांना मिळे, परंतु त्याच फाइलीतील ‘शेल’ फलनाला मिळत नसे. त्यामुळे तपासणीत एक कंपायलर दिसे व बांधणी दुसऱ्यानेच होई, तीही कोणतीही तक्रार न करता. ४.४ आवृत्तीत (२०२२) हा भेद मिटविण्यात आला.

अशा वेळी पुष्कळदा ‘व्हिच’ची साक्ष काढली जाते. बर्कलीचा मूळ ‘व्हिच’ सी शेलची प्रारंभिक फाइल वाचून उत्तर देई. बॉर्न शेल वापरणाऱ्याच्या दृष्टीने ते चुकीचे ठरू शके. पॉझिक्स मानकातील ‘कमांड -व्ही’ हा प्रश्न चालू शेललाच विचारतो. मात्र टर्मिनलवरील उत्तर मेकला लागू पडेलच असे नाही : मेक वापरणाऱ्याचा नेहमीचा शेल न घेता सामान्यतः ‘/बिन/एसएच’ चालविते, आणि त्या नावामागेही उबुंटूने ६.१० आवृत्तीत (२००६) बॅशऐवजी डॅश हा शेल ठेवला. म्हणून हा प्रश्न बांधणीच्या ओळीतूनच विचारावा लागतो व मार्गसूचीही तेथूनच छापून पहावी लागते.