मिठाची दोन कामे

वळसंगला बर्फ झाडावा लागत नाही. सोलापूरच्या पठारावरील या गावाला ऊन ठाऊक, आणि क्वचित गारा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने सोलापूर जिल्ह्यातील बागा झोडपून काढल्या. पण अंगणातल्या गारा हटवाव्यात कशा, हा प्रश्न कोणापुढेही नव्हता. त्या आपोआप विरघळल्या. हा प्रश्न मराठी घरांत शिरला तो सातासमुद्रापलीकडे, उंबऱ्याबाहेर बर्फ साचू लागल्यावर.

आपल्याकडे बर्फ प्रथम आला तो पाहुणा म्हणून. १८३४ मध्ये बोस्टनहून निघालेला बर्फ मुंबईत उतरला, आणि तो वितळू नये हीच साऱ्यांची काळजी. पुढे घरोघरी आइस्क्रीमचा पॉट आला. बर्फात खडे मीठ घालायचे आणि दांडा फिरवायचा. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो, बर्फ वितळतो आणि वितळताना आतल्या डब्यातील दुधाची उष्णता ओढून घेतो. आपण मिठाने दूध गोठवले. बोस्टनच्या पायरीवर तेच मीठ बर्फ वितळवते. विज्ञान एकच, हेतू तेवढे उलटे.

पॉटातले खारे पाणी आपण मोरीत ओतून विसरलो. रस्त्यावरचे मीठ मात्र इतके सहज विसरता येत नाही. १९४१-४२ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्याने रस्त्यांवर मीठ टाकण्याचे सर्वसाधारण धोरण स्वीकारले. बाकीची राज्ये मागोमाग आली. मीठ विरघळते, नाहीसे होत नाही. गोड्या पाण्यातील जीवांसाठी क्लोराइडची दीर्घकालीन मर्यादा तेथे लिटरमागे २३० मिलिग्रॅम मानतात. त्या हिशेबाने किलोभर मीठ सुमारे २,६०० लिटर शुद्ध पाणी त्या मर्यादेला नेऊन पोचवते. ते झिरपत विहिरींत उतरते. वळसंगमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या भेटीची आठवण सांगणारी विहीर आहे. विहीर म्हणजे काय, हे या मुलुखाला निराळे सांगावे लागत नाही.

मिठाला पर्याय म्हणून बीटची मळीही पुढे आली. खाऱ्या द्रावणात ती मिसळली की मीठ कमी लागते, हे खरे. परंतु साखर कारखान्यांच्या जिल्ह्यातील वाचकाला मळी ओढ्यात गेल्यावर पाण्यातला प्राणवायू कसा संपतो, हे वेगळे शिकवायला नको. आम्हाला या उपायाचे फारसे कौतुक वाटत नाही.

त्यापेक्षा जुने उपायच बरे. बर्फ पडल्याबरोबर, पायांखाली दडपून त्याचा टणक थर होण्याआधीच तो फावड्याने ओढावा. निम्मे काम तेथेच होते. पायरीवर लाकडाची राख पातळ पसरावी. तिचा काळसर रंग ऊन शोषतो आणि पायाला पकडही मिळते. मात्र ती क्षारयुक्त, म्हणून बेतानेच. भांडी राखेने घासलेल्या आजीला ही सूचना अपमानास्पद वाटली असती! वाळू बर्फ वितळवत नाही, फक्त घसरणे थांबवते. थंडी सरल्यावर तीच वाळू झाडून पुन्हा बादलीत भरायची, पुढच्या हिवाळ्यासाठी.