साम्य आणि नाते

संस्कृतातला ‘सम’, ग्रीकमधला ‘होमोस’ आणि इंग्रजीतला ‘सेम’ एकाच मुळातून फुटलेले आहेत. शब्दाच्या आरंभीच्या ‘स’चा ग्रीकमध्ये ‘ह’ झाला. आपले ‘सप्त’ तिकडे ‘हेप्टा’ झाले, ते त्याच नियमाने. म्हणजे आपले ‘साम्य’ आणि जीवशास्त्रातली ‘होमोलॉजी’ एकाच घराण्यातले शब्द. प्रथिनांच्या अभ्यासात मात्र त्यांना वेगळे ठेवावेच लागते.

ग्रीकमध्ये ‘होमोलॉगोस’ म्हणजे जुळते बोलणारा, सहमत. रिचर्ड ओवेन यांनी १८४३ साली या शब्दकुळाला शरीररचनेतला नेमका अर्थ दिला: निरनिराळ्या प्राण्यांतला तोच अवयव, मग त्याचे रूप नि काम कितीही बदललेले असो. माणसाचा हात आणि वटवाघळाचा पंख हे याचे ठळक उदाहरण. ‘तोच’ कशावरून, याचे कारण डार्विन यांनी दिले: पूर्वज एक. तेव्हापासून या शब्दात वंश शिरला.

प्रथिनांतही असे नाते दिसते. १९६० साली मॅक्स पेरुट्झ यांनी घोड्याच्या हिमोग्लोबिनची रचना मांडली. तिच्यातल्या साखळ्या जॉन केंड्र्यू यांनी उलगडलेल्या देवमाशाच्या मायोग्लोबिनसारख्याच वळलेल्या होत्या. अमिनो आम्लांचा क्रम ताडला, तर बहुतेक जागी वेगळा! ‘सम’ आणि ‘होमोस’चीही हीच गत आहे. वर्ण पालटले, नाते टिकले.

याच्या उलटही घडते. ‘बदनाम’मधला फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा उच्चार जवळचा, अर्थ एकच, पण नाते काहीच नाही. सबटिलिसिन आणि कायमोट्रिप्सिन ही विकरे अशीच आहेत. दोघांच्या क्रियास्थानी सेरीन, हिस्टिडीन आणि ॲस्पार्टिक आम्ल सारख्याच मांडणीत बसतात, पण साखळीची एकूण घडण पूर्ण निराळी. उत्क्रांती दोन स्वतंत्र वाटांनी एकाच युक्तीपाशी पोचली.

संगणक यात काय करतो? वोल्फगांग काब्श यांची १९७६ ची रीत जोड्या ठरलेल्या अणूंचे दोन संच एकमेकांवर असे फिरवून बसवते, की अंतरांच्या वर्गांची सरासरी किमान व्हावी. पण लांबचा एखादा सैल तुकडा सारा आकडा बिघडवू शकतो. लीसा होल्म आणि ख्रिस सँडर यांनी १९९३ मध्ये मांडलेली ‘डाली’ ही रीत प्रत्येक प्रथिनातली अंतर्गत अंतरे कोष्टकात मांडते आणि कोष्टकेच ताडते. २००४ चा ‘टीएम-स्कोअर’ हे साम्य ० ते १ मध्ये मोजतो. ०.५ च्या वर गेले की घडण बहुधा एकच समजतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फोल्डसीक’ने तर रचनेलाच २० अक्षरांची लिपी दिली आणि रचनांचा शोध मजकुराच्या शोधाइतका वेगवान केला. मला यांतली ही रीत सर्वांत देखणी वाटते.

तरी यांतली प्रत्येक रीत साम्यच मोजते. नाते हा त्यावरून काढलेला निष्कर्ष असतो. ‘इतके टक्के होमोलॉजी’ या सैल प्रयोगाविरुद्ध काही शास्त्रज्ञांनी १९८७ साली ‘सेल’ या नियतकालिकात पत्र लिहून हेच बजावले होते. नाते असते किंवा नसते, त्याचे टक्के होत नाहीत. मराठीत ‘समजात’ हा शब्द आहे आणि त्यातल्या ‘जात’चा मूळ अर्थच ‘जन्मलेला’. म्हणून मराठीत विज्ञान लिहिणाऱ्यांना एक विनंती: आकडा द्याल तेव्हा ‘साम्य’ लिहा, आणि ‘समजात’ हा शब्द सामाईक पूर्वजाचा पुरावा हाती असेल तेव्हाच वापरा.