धड खाऊन उरलेलं तोंड

लोणारच्या दैत्यसूदन मंदिरासारख्या जुन्या दगडी देवळांत गेलात, तर नुसतं कळसाकडे पाहू नका. गाभाऱ्याचा उंबरठाही वाकून पाहा. बटबटीत डोळे, फुगलेले गाल, विचकलेले दात आणि बहुतेकदा खालचा जबडाच गायब, असं एक तोंड अशा देवळांच्या उंबरठ्यांवर भेटतं. हे कीर्तिमुख. देव्हाऱ्यातल्या पितळी प्रभावळीच्या माथ्यावरही तेच असतं, दोन बाजूंना दोन मकर घेऊन.

शिवपुराण सांगतं, की जालंधर दैत्याचा निरोप घेऊन राहू पार्वतीला मागायला आला. शंकराच्या कोपातून एक भुकेला गण उपजला. राहूनं पाय धरले, तो सुटला. पण गणाची भूक तशीच. “मग स्वतःलाच खा,” असं शंकरानं म्हणताच त्यानं हातपाय, धड सगळं फस्त केलं. उरलं ते तोंड. त्याला दारावरचा मान मिळाला.

चीनमध्ये याचा जणू जुळा भाऊ आहे. सुमारे इ.स.पू. 1200 च्या शांग राजांच्या काशाच्या भांड्यांवर, ज्यांतून पितरांना अन्न-मद्य वाहत, तसंच बिनजबड्याचं तोंड ओतलेलं दिसतं. त्याला ‘थाओथिए’ म्हणतात. इ.स.पू. 239 च्या सुमाराचा एक चिनी ग्रंथ सांगतो, की त्याला डोकं आहे, धड नाही. माणूस खायला गेला, पण गिळण्याआधीच स्वतःचा घात झाला. म्हणजे तोंड आधी आणि गोष्ट हजारेक वर्षांनी! आपल्याकडेही तोच क्रम असावा: अजिंठ्यात कीर्तिमुख पाचव्या शतकातलं, आणि आजचं शिवपुराण अभ्यासक त्यानंतरचं मानतात. तेवढ्यावरून दोघांची सोयरीक जुळवायची घाई मात्र मी करणार नाही.

पुढे चिनी कारागिरांनी काशात खाचा ठेवून सोन्याचांदीच्या तारा व पत्रे ठोकून बसवायला आणि घासून एकजीव करायला सुरुवात केली. आपल्या बिदरी कामातली चांदीही अशीच खाचेत ठोकतात. हपेई प्रांतात 1974 ते 1978 दरम्यान चोंगशान राज्याच्या एका राजाच्या थडग्यातून चांदी जडवलेले पंखवाले पशू निघाले. इथे नुसतं तोंड नाही. पंजे, शेपूट, पंख, सबंध जनावर आहे. सबंध जनावराची हौस आपल्याला शरभ या काल्पनिक पशूनं पुरवली, आणि जंजिऱ्याच्या दरवाज्यावर तर त्यानं पंजांत हत्तीच धरले आहेत.