गाव गेलं, आडनाव राहिलं

आमच्या आडनावाच्या शेवटी 'कर' आहे. पण त्या 'कर'च्या आधीचं गाव १९६० च्या दशकात कोयनेच्या पाण्याखाली गेलं. म्हणून असेल, आडनावांच्या गोष्टींकडे माझं लक्ष जरा जास्तच जातं. आज एक इटालियन आडनाव सांगतो : बेर्गोल्यो.

इटलीतही हे आडनाव फारसं आढळत नाही, जे काही आहेत ते मुख्यतः उत्तरेच्या पिएमोंते भागात. आपल्यासारखंच तेही गावावरून पडलं असं मानतात. तानारो नदीच्या काठी बेर्गोल्यो नावाचं गाव होतं. ११६८ मध्ये सम्राट बार्बारोसाच्या विरोधात आजूबाजूची गावं एकत्र करून तिथे नवं शहर वसवलं गेलं. सम्राटाशी भांडण मांडलेले पोप तिसरे अलेक्झांडर, त्यांच्या नावावरून शहराचं नाव पडलं आलेस्सांद्रिया. पुढे १८व्या शतकात राजाला तिथे किल्ला बांधायचा होता. झालं! बेर्गोल्योची सगळी वस्ती पाडली. किल्ला आजही उभा आहे, गाव उरलं ते आडनावात.

आता पुढची गोष्ट बघा. तिथून जवळच्या अस्ती परिसरातल्या एका बेर्गोल्यो कुटुंबाने अर्जेंटिनाला जायचं ठरवलं. १९२७ मध्ये 'प्रिन्चिपेस्सा माफाल्दा' या जहाजाची तिकिटं काढली, पण मालमत्ता वेळेत विकली गेली नाही आणि जाणं रद्द झालं. ते जहाज ब्राझीलजवळ बुडालं, ३०० हून जास्त माणसं गेली. कुटुंब १९२९ मध्ये दुसऱ्या जहाजाने ब्युनोस आयर्सला उतरलं. ऐन उन्हाळ्यात आजीबाईंच्या अंगावर फरची कॉलर असलेला कोट, त्याच्या अस्तरात शिवलेले पैसे! तिकडच्या स्पॅनिश जिभेवर बेर्गोल्योचं 'बेरगोग्लिओ' झालं.

त्या आजीचा नातू म्हणजे होर्हे बेरगोग्लिओ, २०१३ साली झालेले पोप फ्रान्सिस. पोपच्या नावाच्या शहरात विरघळलेल्या गावाचं आडनाव शेवटी पोपपर्यंतच पोचलं. रोमबाहेरचा त्यांचा पहिला दौरा कुठे होता? लाम्पेदुसा बेटावर, समुद्रात बुडून मेलेल्या स्थलांतरितांसाठी प्रार्थना करायला. स्वतःचं घराणं एका तिकिटाने वाचलं, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून म्हणतो, 'बाहेरून आलेले' असं कुणाला हिणवण्याआधी आपलं आडनाव एकदा नीट वाचा. त्यातलं गाव आज नकाशावर आहे का? आणि असलं, तर आपण तिथे आहोत का?